आधी तुटलेलं तोंड नीट बघा

पत्र: ताई, मी इंदूरला सुदामानगरात राहतो. घरी वडिलांची जुनी महिंद्रा जीप आहे, फोर व्हील ड्राइव्ह, पुढेमागे पाट्यांच्या स्प्रिंगा. वडील गेल्यावर चार वर्षं ती उभीच होती. गेल्या वर्षी मी ती चालू केली, ३१ इंची टायर घातले आणि मित्रांबरोबर चोरल, जानापावकडे कच्च्या वाटांनी जायला लागलो. गेल्या महिन्यात भर पावसात चोरलजवळच्या एका नाल्यातून वर चढताना मागून फटाक्यासारखा आवाज आला आणि मागची दोन्ही चाकं मेली. पुढच्या अ‍ॅक्सलच्या जोरावर गाडी डांबरी रस्त्यापर्यंत आणली आणि तिथून ट्रकवर चढवून घरी. उघडल्यावर मागचा उजवा शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, आतल्या टोकाला, दात्यांपाशी तुटलेला निघाला. मिस्त्री म्हणतो, वेल्ड करून लेथवर साफ करून देतो. स्पेअरवाला म्हणतो, नवा शाफ्ट घाला. मित्र म्हणतात, भंगारातून बोलेरोचा अख्खा मागचा अ‍ॅक्सल उचल, जन्माची कटकट मिटेल. आई म्हणते, बाबांच्या गाडीचं काही बदलू नकोस. काय करू? आणि विम्यातून काही मिळेल का? तुटलेल्या टोकाचा फोटो सोबत आहे.

उत्तर: तुकडा जपून ठेवलात आणि फोटो पाठवलात, हे फार चांगलं केलंत. बहुतेक जण तो गॅरेजमध्येच सोडून येतात आणि संध्याकाळपर्यंत तो भंगाराच्या ढिगात जातो. मी पीथमपूरच्या एका गिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं काढली. तुटून परत आलेले शाफ्ट आणि गिअर टेबलावर ठेवायचे आणि ते का तुटले ते सांगायचं, हेच माझं काम होतं. म्हणून तुमच्या तीन सल्ल्यांकडे वळण्याआधी मी फोटोच पुन्हा पुन्हा पाहिला.

त्यात तुटलेल्या तोंडाचा निम्म्याहून जास्त भाग काळपट आणि बराचसा गुळगुळीत आहे. त्यावर एकात एक बसलेल्या कमानी दिसतात, शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा. उरलेला भाग करडा, रवाळ आणि ताजा आहे. याचा अर्थ असा, की एका दात्याच्या मुळाशी कधीतरी केसाएवढी चीर पडली. नंतर प्रत्येक जोरदार ओढीला ती जराजरा पुढे सरकली. त्या कमानी म्हणजे तिच्या मुक्कामाच्या खुणा. फटीत डिफ्रन्शियलचं, म्हणजे दोन्ही शाफ्टना जोर वाटून देणाऱ्या मधल्या गिअरांचं, तेल शिरत राहिलं, म्हणून तो भाग काळा पडला. नाल्याच्या दिवशी शाफ्टचा जेमतेम तिसरा हिस्सा शाबूत होता आणि तेवढाच त्या क्षणी तुटला. एकाच फटक्यात तुटला असता तर सगळं तोंड ताजं दिसलं असतं आणि दाते पिळलेल्या दोरीसारखे तिरपे झाले असते. तुमचे दाते सरळ आहेत.

यावरून दोन गोष्टी ठरतात. नाल्यात तुमची चूक झाली म्हणून शाफ्ट गेला, असं मनाला लावून घेऊ नका. पण दुसरी गोष्ट पैशांची आहे आणि ती तिन्ही सल्लागारांपैकी कुणी सांगितलेली नाही. डावा शाफ्ट त्याच वयाचा आहे, तेवढंच वजन आणि तेवढीच ओढ सोसलेला आहे. त्यातही चीर असण्याची शक्यता मोठी आहे. तेव्हा एक शाफ्ट आणायचा हा विचार सोडा, जोडी आणा.

डावा शाफ्ट तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. बाहेर काढून पेट्रोलने स्वच्छ धुवा. मग तासभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवा. रॉकेल मिळालं नाही तर डिझेल चालेल. कापडाने अगदी कोरडा पुसा आणि खडूची पूड चोळा. शाफ्टवर लाकडाने हलके ठोके द्या आणि अर्धा तास थांबा. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर बारीक ओली रेघ उमटते. तीन जागा विशेष निरखा: दात्यांची मुळं, बेअरिंग जिथे बसतं तिथला खांदा, आणि बाहेरच्या टोकाला हबची (चाक ज्यावर बसतं त्या भागाची) चावी, म्हणजे लोखंडी पाचर, बसते त्या खाचेचे कोपरे. जुन्या जीपच्या मागच्या शाफ्टचं बाहेरचं टोक निमुळतं असतं, त्यावर हब चावीने आणि मोठ्या नटाने घट्ट धरलेला असतो. तो नट थोडा जरी सैल राहिला तरी हब आत कुरतडत राहतो आणि खाचेच्या कोपऱ्यातून चीर निघते. तिथे शाफ्ट तुटला तर हबसकट चाक निघून जातं. तुमचा आतल्या टोकाला तुटला, म्हणून चाक जागेवर राहिलं.

तरीही गाडी ट्रकवर घातलीत ते योग्यच केलंत. तुमच्या जीपचा शाफ्ट दोन कामं एकदम करतो, चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही तोलतो. त्याला आधार दोनच, बाहेरचं बेअरिंग आणि आतला डिफ्रन्शियलचा गिअर. आतला आधार गेला की चाक एकट्या बेअरिंगवर डुगडुगतं. ट्रकची रचना वेगळी असते. तिथे चाक हाउसिंगच्या, म्हणजे शाफ्टवरच्या लोखंडी कवचाच्या, नळीवर स्वतःच्या दोन बेअरिंगवर बसतं, शाफ्ट फक्त पीळ पोचवतो आणि म्यानातून तलवार काढावी तसा बाहेर ओढता येतो. तो तुटला तरी चाक कुठे जात नाही.

आता वेल्डिंग. याला माझं उत्तर साफ नाही असं आहे आणि त्यात तडजोड नाही.

शाफ्टचं पोलाद मुद्दाम दोन स्वभावांचं केलेलं असतं. बाहेरचे काही मिलिमीटर तापवून, झटकन थंड करून कडक केलेले, आणि आतला गाभा त्यामानाने मऊ आणि चिवट. पोलाद सुमारे १,५०० अंश सेल्सिअसला वितळतं. वेल्डिंगची ज्योत तिथे लागली की हा सगळा संस्कार पुसला जातो. सांध्याच्या दोन्ही बाजूंना धातू भराभर थंड होतो आणि काचेसारखी ठिसूळ पट्टी तयार होते. तिच्या पलीकडचा धातू मऊ पडतो. वरून ते लेथवर साफ करणार. पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते. ३० मिलिमीटरच्या शाफ्टचा व्यास एका मिलिमीटरने कमी झाला तर ताकद जवळपास १० टक्के घटते, आणि जो थर सोलला जातो तोच सगळ्यात कडक असतो. मिस्त्री मनाने वाईट आहे असं मी म्हणत नाही. तो सांधेल ते दिसायला सुंदरही असेल. वेल्डिंगचं काम हाउसिंगवर होऊ शकतं, पाट्याच्या बैठकीवर होऊ शकतं. फिरणाऱ्या शाफ्टवर होत नाही.

माझ्या दादाच्या जीपचा शाफ्ट असाच सांधून मिळाला होता, चावीच्या खाचेपाशी. तेव्हा मी नोकरीला लागायची होते. मानपूरच्या पुढे उतारावर तो पुन्हा तुटला आणि मागचं चाक गाडीच्या पुढे धावत जाऊन शेतात शिरलं. मागे वहिनी आणि दोन लहान मुलं बसली होती. गाडी ड्रमवर घसटत थांबली, कुणाला फारसं लागलं नाही. पण त्या दिवशी घरी आलेल्या दादाचा चेहरा मी विसरलेले नाही, आणि पुढे याच विषयात काम करायचं ठरलं त्याला ते कारण होतं. तुमच्या आईही त्या जीपमध्ये बसत असतील.

मग मित्रांचा बोलेरोचा अ‍ॅक्सल. बोलेरोचा अ‍ॅक्सल चांगलाच आहे, बोलेरोखाली. तुमच्या जीपखाली आणायचा तर किती ठिकाणी हात घालावा लागेल ते पाहा. तो जुन्या जीपच्या अ‍ॅक्सलपेक्षा रुंद आहे. पाट्यांच्या बैठका कापून नव्या जागी वेल्ड कराव्या लागतील, आणि त्या करताना पिनियनचं (डिफ्रन्शियलमध्ये जोर आणणाऱ्या छोट्या गिअरचं) तोंड किती वर ठेवायचं हे चुकलं तर प्रॉपेलर शाफ्टचे, म्हणजे त्या गिअरपर्यंत जोर नेणाऱ्या लांब दांड्याचे, क्रॉस (सांधे) दर दोन महिन्यांनी खाल्ले जातील. जुन्या जीपच्या अ‍ॅक्सलचा डिफ्रन्शियलचा गोळा मधोमध नसतो. तो ट्रान्सफर केसच्या (पुढेमागे जोर वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) तोंडासमोर, एका बाजूला सरकलेला असतो. गोळा मध्ये आला की प्रॉपेलर शाफ्ट तिरपा चालणार. त्यात पुढचा अ‍ॅक्सल अरुंदच राहणार. चिखलात पुढच्या चाकांनी पाडलेल्या चाकोरीतून मागची चाकं आली तर गाडी हलकी चालते. मागची बाहेर पडली की प्रत्येक चाकाला स्वतःची नवी चाकोरी कापावी लागते आणि इंजिनाचा जीव त्यातच जातो.

पण सगळ्यात मोठी अडचण क्राउन-पिनियनची, म्हणजे डिफ्रन्शियलमधल्या मोठ्या आणि छोट्या गिअरच्या जोडीची, आहे. फोर व्हील लावल्यावर पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. तेव्हा दोन्ही अ‍ॅक्सलचं गुणोत्तर एकच असायला हवं. सीजे-३बी या जुन्या जीपला ५.३८ चा क्राउन असे, म्हणजे पिनियनचे ८ दाते आणि क्राउनचे ४३. समजा पुढे ५.३८ राहिला आणि मागे ४.८८ आला. फरक दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चाकांच्या दर दहा फेऱ्यांना एका फेरीचा हिशेब कुठेतरी घसरून भरून निघायला हवा. चिखलात तो घसरतो. खडकावर किंवा डांबरावर घसरायला जागा नसते, मग पीळ ट्रान्सफर केसमध्ये साठत जातो. फोर व्हीलचा दांडा अडकतो आणि पुढे एखादा गिअर किंवा दुसरा शाफ्ट जातो. मित्रांना विचारा, त्यांनी दोन्ही गुणोत्तरं मोजली आहेत का.

मोजायला अवघड नाही. गाडीला दगड लावा, गिअर आणि ट्रान्सफर दोन्ही न्यूट्रल ठेवा, हँडब्रेक सोडा. त्या अ‍ॅक्सलचं एकच चाक जॅकवर उचला. चाकावर आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूने खूण करा. चाक नेमक्या दोन फेऱ्या फिरवा आणि प्रॉपेलर किती वेळा फिरतो ते मोजा. दुसरं चाक जमिनीवर असल्यामुळे चाकाच्या दोन फेऱ्या म्हणजे क्राउनची एक फेरी. पाच फेऱ्या होऊन वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त आली तर ५.३८, पाचाला जरा कमी पडली तर ४.८८. तुमचा मागचा अ‍ॅक्सल उघडलेला आहे, त्यामुळे तिथे सरळ दातेच मोजा. पुढच्यावर ही युक्ती करा. कधीतरी मागे कुणी काही बदललं असेल तर तेही कळेल.

अख्खा अ‍ॅक्सल बदलायला मी कधी हो म्हणेन? हाउसिंग वाकलं असेल, तडकलं असेल, किंवा मधल्या ओतीव गोळ्यात बसवलेली नळी सैल झाली असेल तेव्हा. आणि तेव्हाही त्याच मॉडेलचा, त्याच गुणोत्तराचा अ‍ॅक्सल शोधा. भंगारवाल्याकडून घेताना पक्कं बिल घ्या, मूळ गाडीचा चेसिस नंबर त्यावर लिहून घ्या, आणि आतले शाफ्ट वर सांगितल्याप्रमाणे खडूने तपासल्याशिवाय गाडीखाली लावू नका. दुसऱ्याच्या गाडीतला शाफ्टही म्हाताराच असतो.

तुमचं हाउसिंग शाबूत आहे का, हे मला फोटोवरून कळणार नाही. चिरेचं एक कारण वाकलेलं हाउसिंगही असू शकतं, कारण मग शाफ्ट फिरताना प्रत्येक फेरीला थोडा वाकतो आणि सरळ होतो. नवे शाफ्ट बसवून चाकं लावल्यावर सपाट जमिनीवर दोन्ही मागच्या रिमांमधलं अंतर अ‍ॅक्सलच्या उंचीला पुढच्या बाजूने मोजा, खूण करा, गाडी अर्धा फेरा पुढे ढकलून त्याच खुणा मागे आल्यावर पुन्हा मोजा. दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे फरक गेला तर हाउसिंग पुढेमागे वाकलं आहे. मग ओळंबा लावून चाक वरून आत किंवा बाहेर झुकलंय का ते बघा. एकाच बाजूचं सील वारंवार गळत असेल तर तीही वाकल्याची खूण. थोडा बाक चांगल्या प्रेसवर सरळ होतो. नळीला तडा असेल तर ते हाउसिंग सोडून द्या.

तेव्हा तुमच्यासाठी माझा कौल असा: हाउसिंग सरळ निघालं तर आहे तोच अ‍ॅक्सल ठेवा, दोन्ही शाफ्ट नवे घाला, दोन्ही बाजूंची बेअरिंगं आणि सीलंही नवी. शक्यतो तयार कंपनीचा शाफ्ट घ्या. मिळालाच नाही आणि लेथवाल्याकडून करून घ्यायची वेळ आली तर त्याला चार प्रश्न विचारा. पोलाद कोणतं? ईएन-२४ असेल तर त्याचं प्रमाणपत्र दाखव म्हणा. दाते कापल्यावर कडक करणार का? कुठे करणार? आणि जाडी बदलते तिथे कोपरा गोल ठेवणार का? शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण काटकोनात कापलेल्या कोपऱ्यातूनच चीर निघते. उत्तर देताना तो चिडला तर दुसऱ्याकडे जा.

बसवण्याच्या वेळी एवढं सांभाळा. तुटलेला तुकडा डिफ्रन्शियलच्या गिअरमध्ये अडकलेला असेल तर तो दुसऱ्या बाजूने सळई घालून ठोकून काढतात. तो काढला म्हणजे काम संपलं असं समजू नका. बारीक कपचे तेलात असतात, डिफ्रन्शियल पूर्ण धुऊन काढा आणि क्राउनचा प्रत्येक दाता बोटाने चाचपा. दात्याचा टवका गेला असेल तर क्राउन आणि पिनियन जोडीनेच बदलतात, एकटा कधीच नाही. हब काढताना पुलर वापरा. शाफ्टच्या टोकावर घणाचे घाव घातले तर ते मधल्या ठोकळ्यामार्गे पलीकडच्या बेअरिंगला बसतात. शाफ्टची बाहेर-आत हालचाल पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) घालून जुळवतात, ती अंदाजाने करू देऊ नका. हबचा नट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याला, आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

हाउसिंगवरचा छोटा ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायचं भोक, उघडा आहे का तेही बघा. आपल्या काळ्या मातीने तो बुजतो. मग तापलेला अ‍ॅक्सल नाल्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. तेल दुधाळ झालं असेल तर हेच झालंय. तिथून एक रबरी नळी वर नेऊन चेसिसला बांधा.

आता टायरबद्दल, हे तुम्हाला आवडणार नाही. जुन्या जीपच्या ६.००-१६ टायरचा व्यास साधारण २८ इंच. ३१ इंची म्हणजे जमिनीची पकड शाफ्टवर ११ टक्के जास्त तरफेने काम करते, आणि टायरही जड. त्यात लो गिअर. पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३ धरा, ट्रान्सफर लोचं २.४६ आणि क्राउनचं ५.३८. इंजिनाचा पीळ जवळजवळ चाळीसपट होऊन मागे येतो. माळव्यात वर काळी माती आणि खाली बसाल्टचा खडक. चाक मातीत गरगर फिरतं, माती उडून जाते आणि जड टायर एकाएकी खडकाला धरतो. त्या फिरण्यात साठलेली सगळी ताकद क्षणात शाफ्टवर येते. आधीच चिरलेला शाफ्ट तिथे टिकणार नव्हता. नवा टिकेल, पण त्याचं आयुष्य घटत राहील. माझं म्हणणं, २८-२९ इंचांवर परत या. नाहीच जमलं तर चाक फिरायला लागताच पाय उचला. जोर वाढवून निघू असं वाटतं तेव्हाच शाफ्ट जातात.

विम्यातून पैसे मिळणार नाहीत. नेहमीच्या मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि सुटे भाग मोडणं वगळलेलं असतं, आणि तुमच्या तुकड्यावर झिजेची कहाणी लिहिलेलीच आहे. आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतले तपशील उत्पादकाच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. तोच शाफ्ट नवा घालणं ही दुरुस्ती आहे. दुसऱ्या गाडीचा रुंद अ‍ॅक्सल लावायचा तर आधी आरटीओत विचारावं लागेल. जुन्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, तेव्हाही तपासणी असते.

आईंना सांगा, बाबांच्या जीपचं हाउसिंग, क्राउन, पाटे सगळं जागच्या जागी राहणार आहे. शाफ्ट हा झिजायचाच भाग. बाबा असते तर त्यांनीही तो बदलला असता. पण त्यांची आठवण म्हणून डावा शाफ्ट मात्र गाडीत ठेवू नका. हवा तर घरात ठेवा.

एक गोष्ट आजच करा. जुन्या जीपचा हँडब्रेक बऱ्याचदा चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे प्रॉपेलर शाफ्टवर असतो. मागचा एक शाफ्ट तुटलेला असताना तो कितीही ओढला तरी गाडी धरत नाही, कारण डिफ्रन्शियल तुटलेल्या बाजूने मोकळं फिरतं. जीप अंगणात उतारावर उभी असेल तर चाकांना दोन्हीकडून दगड लावा, मगच तिच्याखाली शिरा. डाव्या शाफ्टवर खडूत रेघ उमटली तर तिचा फोटो मला पाठवा.